म्हैसूरला नेलेली खुर्ची

चाकाची खुर्ची घरात आली त्या दिवशी बायजा संध्याकाळची जेवली नाही. पोट दुखतंय म्हणून तिने सांगितलं. पंढरीने मंजुळाकडे पाहिलं, मंजुळाने पंढरीकडे. दुखणं पोटात नव्हतं हे दोघांना ठाऊक होतं. ते ओटीवर भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, घडी घातलेलं, काळ्या रेक्झिनचं, दोन मोठ्या चाकांचं आणि दोन लहान चाकांचं.

बायजाचं घर ठाकुर्लीजवळ चोळेगावात. तिचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं. बाप मिठागरावर मजूर, त्यामुळे लग्न होईपर्यंत तिने डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिल्या. सासरी आली ती भातशेतीत. गुडघाभर चिखलात लावणी केली, भाजीचे भारे घेऊन कल्याणच्या बाजारात पायी गेली, पायीच परत आली. माणसाचे पाय चालताहेत तोवर माणूस आहे, हे तिचं सगळं तत्त्वज्ञान. आणि त्याला पुरावाही होता. तिचा नवरा काळुराम कौलं शाकारताना छपरावरून पडला, खाटेवर आडवा झाला आणि अकरा महिन्यांनी त्या खाटेवरूनच गेला. तेव्हापासून ‘बसला तो बसलाच’ हे वाक्य तिच्या तोंडी बसून गेलं होतं.

मंजुळा तिची सून. दिवा गावची पोर, दहावी झालेली, हाताला शिवणकामाची सफाई. साऱ्या गावाचे ब्लाउज ती शिवायची. सहा वर्षांपूर्वी, तिशी नुकतीच ओलांडली असताना, तिला संधिवाताने धरलं. आधी बोटं धरली, मग मनगटं, मग गुडघे आणि घोटे. पहाटे उठून ती कोमट पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून अर्धा तास बसायची, तेव्हा कुठे बोटं मिटायची. एखादा दिवस असा यायचा की ती घरभर फिरे, अंगणात रांगोळी घाली. दुसऱ्या दिवशी त्याच अंगणापर्यंत जायला तिला दोनदा थांबावं लागे.

बायजाला हे कोडं कधी उलगडलं नाही. काळुराम चालत नव्हता म्हणजे नव्हता. ही काल चालली, आज नाही, उद्या पुन्हा चालेल. असं कसलं दुखणं? हे तिने कधी तोंडाने म्हटलं नाही, तेवढी ती सज्जन होती. पण मनात म्हटलं होतं, बऱ्याचदा.

पंढरी कल्याणच्या लोकोशेडमध्ये फिटर. रेल्वेचा पास दर वर्षी मिळायचा आणि दर वर्षी तसाच वाया जायचा. एक्याण्णव साली मात्र त्यांची मुलगी वासंती हटून बसली. ती सातवीत होती. वर्गातली एक मैत्रीण म्हैसूरला जाऊन आली होती आणि येताना चंदनाचा हत्ती घेऊन आली होती. “आपण कधीच कुठं गेलो नाय,” वासंती म्हणाली. ते खरंच होतं. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. पासावर चौघांची नावं चढली.

तेव्हा मंजुळा म्हणाली, “मी येणार. पण खुर्ची घेऊन.”

“कसली खुर्ची?” पंढरीने विचारलं.

“चाकाची. डोंबिवलीत एक मंडळ आजारी माणसांसाठी देतं. मी चौकशी केलेली.”

पंढरी हसला. त्याला ते उगाच वाटलं. “अगं, मी हाय ना! जिथं नाय चालवलं तिथं उचलून घेईन. शेडमध्ये दिवसभर लोखंड उचलतो मी, तुझं वजन ते काय?”

“उन्हाळ्यात शीळफाट्याच्या लग्नाला उचललेलं ना?” मंजुळा म्हणाली. “गाडीतून उतरवून मंडपात बसवलं, ते निघताना परत उचललं. मधे सहा तास. हळद झाली, बँड आला, नवरीला नाचवली. मी काय बघितलं? मंडपाचा खांब.”

“मग सांगायचं ना मला, इकडं ने, तिकडं ने.”

“किती वेळा सांगू? दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जीभ उचलली नाय. उचलायला सांगायची लाज खुर्चीपेक्षा मोठी हाय, तुम्हाला नाय कळायची ती.”

बायजा तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. “काठी घे की मग. माझी आजी काठी घेऊन ठाण्यापरेन जायची.”

मंजुळाने हात पुढे केला. मनगट सुजून गोल झालं होतं, बोटं एका बाजूला कलली होती. “आय, काठीवर भार मनगटाचा पडतो. मनगट कुठं हाय माझं?”

“चाकाचे खुर्चीन बसला का मानूस उठत नाय,” बायजा म्हणाली. “मी बघितलाय.”

“तुम्ही खाटेवरचा माणूस बघितला,” मंजुळा अगदी हळू म्हणाली. तिला सासऱ्यांचं नाव मधे आणायचं नव्हतं. “मी उठता यावं म्हणूनच बसणार हाय. माझ्याकडं दिवसाचं चालणं थोडंच असतं. ते मी स्टेशनावर आणि रस्त्यावर संपवलं, तर जे बघायला गेलो तिथं मी ओझं. रस्त्याला खुर्ची, बघायला पाय. मी डॉक्टरांना पण विचारलं. ते बोलले, चालणं सोडू नको, बाकी खुशाल वापर.”

बायजाने सूप पुन्हा हातात घेतलं, पण ते तांदूळ तिने आधीच निवडलेले होते.

खुर्ची आली आणि चार दिवस ओटीवर तशीच उभी राहिली. येणारे-जाणारे तिच्याकडे बघत आणि मग बायजाकडे बघत. पाचव्या दिवशी संध्याकाळी मंजुळाने धुवट इस्त्रीचं पातळ नेसलं, वेणी घातली आणि वासंतीला म्हणाली, “खुर्ची उघड.”

“आता? कुठं जायचंय?”

“गावदेवीपर्यंत. लाज वाटायचीच असेल तर इथं वाटून घेऊ दे. परमुलखात नको.”

वेळ अशी की नळाला पाणी आलेलं, अर्धं गाव हंडे घेऊन गल्लीत. बायजाला वाटलं, हिने मुद्दाम ही वेळ निवडली. आणि खरंच मुद्दाम निवडली होती. एकदाच सगळ्यांनी बघून घ्यावं, म्हणजे रोज एकेकाला सांगत बसायला नको.

बायजा दाराशी उभी राहून बघत राहिली. खुर्ची खडीच्या रस्त्यावरून धडधडत निघाली. नळावरच्या बायकांची बोलणी एकदम थांबली. शेजारची आवडाबाई पुढे आली, पदर तोंडाला लावून म्हणाली, “अगो बाय, कं झायला ग तुला? पाय जेले कं?”

“पाय हायत,” मंजुळा सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “म्हैसूरला चाललोय. तिकडं चालायला लई. म्हणून ही घेतली, तिची सवय करतेय. तुमचा हंडा भरला वाटतं, वाहतोय बघा.”

आवडाबाई हंड्याकडे पळाली. बायका हसल्या. खुर्ची देवळाशी पोहोचली, तिथे मंजुळा उठली, तीन पायऱ्या चढली, देवीला कुंकू लावलं, उतरली आणि बसून परत आली. येताना मान ताठ होती. बायजाच्या मनात आलं, हिला लाज म्हणून नाहीच का काही? आणि त्यापाठोपाठ आलं, की एवढ्या बायकांमधून असं जाणं आपल्याला सात जन्मांत जमलं नसतं. हा दुसरा विचार तिला आवडला नाही. ती आत जाऊन चुलीशी बसली.

बेंगलोरची गाडी कल्याणहून सुटली तेव्हा घडी घातलेली खुर्ची दोन बाकड्यांच्या मधे उभी होती आणि तिच्यावर खाण्याची पिशवी लटकत होती. बायजाचा हा पहिलाच एवढा लांबचा प्रवास. खिडकीपाशी बसून ती शेतं बघत राहिली. काळी माती, कापूस, मग लाल माती, मग नारळ. “इकरं भात हाय,” ती मधेच म्हणे, जणू ओळखीचं माणूस भेटलं.

म्हैसूरला पहिल्या दिवशी प्राणिसंग्रहालय. मंजुळा फाटकापासूनच खुर्चीत बसली. वासंती ढकलत होती. बायजा मात्र वीस पावलं पुढे चालत राहिली. तिथे ओळखीचं कुणी नव्हतं, तरी हे आपल्यातलं नाही असं लोकांना वाटावं, अशी तिची चाल होती. पंढरी बिचारा मधल्या मधे, कधी आईजवळ, कधी बायकोजवळ.

पण मागून हसणं ऐकू येई. जिराफाने मान वाकवून झाडाचा पाला ओढला तेव्हा मंजुळा लहान पोरीसारखी ओरडली, “अगं बघ, जीभ बघ त्याची, निळी हाय!” वाघापाशी ती उठली, कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली, मग पुन्हा बसली. हत्तीपाशी पुन्हा उठली. दुपारपर्यंत तिने सगळं बघितलं होतं. बायजाने निम्मं बघितलं आणि निम्म्या वेळी ती सावलीतला बाक शोधत होती. तिचे गुडघे सकाळपासून ठणकत होते. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

राजवाडा दुसऱ्या दिवशी. तिथे गर्दी. पहारेकऱ्याने खुर्ची बघितली आणि हाताने रस्ता करून दिला. रांगेतली माणसंही बाजूला झाली. आत पायऱ्या आल्या तिथे मंजुळाने खुर्ची बाजूला लावायला सांगितली, उठली आणि कठडा धरून चढायला लागली.

“अहो, हे काय!” मागून मराठी आवाज आला. एका सहलीबरोबर आलेले, स्वेटर घातलेले, साठीचे गृहस्थ होते. “चालता येतं की तुम्हाला! आणि आम्ही तुम्हाला बिचाऱ्या म्हणून रांगेत पुढे सोडलं. ही नवीनच युक्ती बघितली.”

आजूबाजूचे थांबले. पंढरीच्या मानेची शीर तटतटली, तो वळला. मंजुळाने त्याच्या दंडावर हात ठेवला. ती तिसऱ्या पायरीवर उभी होती, श्वास जोरात चालला होता, आणि तिने घाई केली नाही. श्वास बसू दिला.

“काका,” ती म्हणाली, “मला दहा पायऱ्या येतात. हजार पावलं नाय येत. तुमच्या डोळ्यांवर चष्मा हाय, म्हणून तुम्ही आंधळे नाय ना? आणि तो काढून ठेवून तुम्ही हा वाडा बघणार का? तसंच हाय हे.” मग थोडं थांबून म्हणाली, “पुढं सोडायला आम्ही सांगितलं नव्हतं. तुम्ही सोडलंत, तुमचे उपकार.”

गृहस्थांच्या बायकोने त्यांची बाही ओढली. “चला हो. उगाच कुणालाही काहीही बोलता.” ते काहीतरी पुटपुटले आणि पुढे गेले. मंजुळा चौथ्या पायरीवर पाय ठेवून वर निघाली.

बायजा खालीच उभी राहिली. वर सोनेरी नक्षीचे खांब होते, रंगीत काचा होत्या, वासंती “आजी, ये ना” म्हणून हाका मारत होती. पण तिला हलवेना. त्या माणसाने जे म्हटलं त्यातला शब्द न् शब्द तिच्या ओळखीचा होता. सहा वर्षं ती हेच मनात म्हणत आली होती. काल चालली, आज नाही. चालता येतं की. आपलंच बोलणं परक्याच्या तोंडून ऐकलं की त्याची घाण कळते. ‘मेल्या, तुला कं ठाव,’ असं त्याला म्हणायला तिचं तोंड उघडलं होतं. पण कोणत्या तोंडाने म्हणायचं, म्हणून मिटलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वृंदावन बागेत गेले. धरणाखालची ती बाग, रंगीत दिव्यांची कारंजी, त्यासाठीच तर वासंतीने एवढा हट्ट धरला होता. गाड्या लांब थांबत. तिथून आत चालतच जायचं. वासंतीने नेहमीसारखे खुर्चीचे दांडे धरले.

“बाजूला सर,” बायजा म्हणाली. “दे इकरं.”

“आजी, तुला जमेल?”

“मिठाच्या टोपल्या कोनी वायल्या, तुझ्या बापान? सर बाजूला.”

तिने दांडे धरले. पहिली काही पावलं खुर्ची वाकडी गेली, मग सरळ झाली. आणि बायजाला एक गंमत कळली. दांड्यांवर भार टाकला की गुडघ्यांवरचा भार कमी होत होता. तीन दिवस ठणकणारे गुडघे जरा निवांत झाले. ती चालत राहिली, तिच्या जुन्या संथ चालीने. पंढरी दोनदा “आण, मी घेतो” म्हणून जवळ आला आणि दोनदा तिने त्याला हाकललं.

मंजुळाने मागे वळून बघितलं नव्हतं. सगळं बोलणं तिने ऐकलं होतं. बराच रस्ता गेल्यावर ती म्हणाली, “आय, दमाल.”

“नाय दमत. तुला एक इचारू? त्या दिवशी नळावर सगल्या बायकांच्या मधून जेलीस. तुला लाज नाय वाटली?”

“हात पदराखाली ठेवलेले मी,” मंजुळा म्हणाली. “थरथरत होते. घरी आल्यावर न्हाणीत जाऊन रडले, पाणी ओतत. तुम्ही चुलीशी होतात.”

“मना वाटला तुला कायच वाटत नाय.”

“वाटतं. पण वासंती मोठी झाल्यावर म्हैसूरचे फोटो काढील ना, तेव्हा तिला विचारावं लागू नये, यात आई कुठंय म्हणून. लाज चार दिवस राहते. फोटो राहतात.”

बायजाने दांडे जरा घट्ट धरले. बोलायचं होतं ते इतकं उशिराचं होतं, की आता बोलून त्याचा उपयोग काय, असं तिला वाटलं.

बाग सुरू होते तिथे पायऱ्या होत्या, टप्प्याटप्प्याने खाली उतरणाऱ्या. मंजुळा उठली. “आता चालते,” ती म्हणाली. दिवसभर तिने पाय राखून ठेवले होते. सकाळी बाजारात गेले तेव्हाही ती खोलीवर थांबली होती, ती ह्याच्यासाठी. एक हात पंढरीच्या खांद्यावर, एक वासंतीच्या. एक पायरी, मग दोन्ही पाय त्याच पायरीवर, मग पुढची.

“आय, तुम्ही?”

“मी खुर्ची राखते. कोन नेल-बिल.”

ती तिघं खाली उतरत गेली. अंधार पडत होता, दिवे लागले. कारंजी आधी पांढरी, मग हिरवी, मग लाल झाली. खालून गाण्याचा आवाज आला. बायजाने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नव्हतं. ती खुर्चीत बसली.

बसल्यावर कुठे तिला नीट दिसलं. इतका वेळ ती पायांकडेच बघत होती, आपल्या आणि सुनेच्या. समोर पाणी उंच उडत होतं, वाऱ्याने त्याचे तुषार पसरत होते आणि त्या पाण्याच्या कडेकडेने मंजुळा चालली होती. लंगडत, थांबत, पण स्वतःच्या पायांनी. एका कारंज्याच्या अगदी जवळ जाऊन तिने दोन्ही हात पुढे केले. ते वाकडे हात भिजले, लाल झाले, निळे झाले. वासंती कॅमेरा धरून मागे मागे सरत होती. बायजाच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, पुढचं दिसेनासं होईल म्हणून पापण्या मिचकावल्या फक्त.

चढून वर यायला मंजुळाला खूप वेळ लागला. ती आली तेव्हा घामाने भिजलेली होती, ओठ दाताखाली होता आणि डोळे हसत होते. सासू खुर्चीत बसलेली तिने बघितली. वासंती फिदीफिदी हसायला लागली तशी तिने तिला डोळ्यांनी दटावलं.

बायजा उठली. “ऊठ म्हनायच्या आधी उठते ग बाय,” ती म्हणाली. “बस. चांगली हाय खुर्ची. पाठीला बरी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाचे दोन्ही गुडघे सुजले होते. पंढरी कासावीस झाला. “कशाला एवढं चाललीस? मी बोललेलो, वरूनच बघ.”

“मला माहीत होतं सुजणार,” मंजुळा म्हणाली. “माहीत असून उतरले. आजचा दिवस गेला तरी चालेल. कालचा मिळाला.”

चामुंडीच्या टेकडीवर जायचा बेत होता. पंढरी आणि वासंती दोघंच गेले. बायजा म्हणाली, देवीला माझा नमस्कार सांगा, मी हिच्याजवळ बसते. खाली जाऊन तिने खोलीच्या मालकिणीकडून खाणाखुणांनी गरम पाणी मागून आणलं. फडका बुडवला, पिळला आणि सुनेच्या गुडघ्यावर ठेवला. मंजुळा दचकून पाय मागे घ्यायला लागली. “आय, अहो, तुम्ही पायाला हात...”

“गप बस. लई चाललेत ते काल.”

पाणी निवलं की ती नवीन आणत होती. खिडकीतून टांग्यांचे आवाज येत होते. दुपारी सूज थोडी उतरली. मंजुळाने गुडघा वाकवून बघितला, पुन्हा बघितला.

“आय, उद्या शेवटचा दिवस,” ती म्हणाली. “चंदनाचा बाजार राहिलाय. खुर्ची घेऊन जाऊ?”

“जाऊ,” बायजा फडका पिळत म्हणाली. “पन ढकलनार मी. तुझी पोर लई पलवते, दुकानांन कं हाय ते बघूच देत नाय.”